पुरणपोळीच्या वासाचं व्हिस्की कॉकटेल, पंधरा माणसांसाठी (आणि तुमचं दूध का फाटलं)

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोजागिरीनंतरच्या शनिवारी जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे मळ्यात पंधरा जण जमणार, सुरतहून चुलतभाऊ येणार, जेवायला शेवभाजी आणि वरण-बट्टी, आणि जेवणानंतर गोडाच्या जागी व्हिस्कीचं काहीतरी आपल्या चवीचं द्यायचं असं तुमच्या मनात आहे. व्हिडिओ बघून घरी ट्रायल घेतली, बासुंदी, व्हिस्की, गुळाचा पाक आणि वरून लिंबू, तर दूध फाटलं. दुसऱ्यांदा लिंबू काढून टाकलं तर इतकं गोडमिट्ट झालं की अर्धा ग्लास कुणी संपवेना. आणि आता विचारताय की व्हिस्की कुठली बदलू.

व्हिस्की बदलून यातलं काहीही सुटणार नाही, म्हणून एवढं लांब लिहितोय. मी अठरा वर्षं बारमागे उभा राहिलोय, आधी नाशिकला हॉटेलात आणि आता जळगावात लग्न, हळदी, वाढदिवसाचे बार लावतो. मिठाईच्या चवीची कॉकटेलं लोक दर दिवाळीला मागतात आणि बहुतेक ठिकाणी हीच गडबड होते, म्हणजे अख्खी मिठाईच ग्लासात ओतलेली असते. बासुंदी ही स्वतःच एक पूर्ण पदार्थ आहे, तिच्यात आटवलेलं दूध, साखर, सुकामेवा सगळं आहे, त्यात दारू घातली की बासुंदीही बिघडते आणि दारूही. गोडाचा पदार्थ आपल्याला आठवतो तो त्याच्या वासाने. ग्लासात तो वास आणायचा, गोडी आणि जाडपणा ताटातच राहू द्यायचा. माझं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं.

दुसरं म्हणजे ज्या व्हिडिओवरून तुम्ही केलं ती रेसिपी मुळात तिकडच्या थंडीतली. अमेरिकेत पानगळीच्या दिवसात, नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगच्या आसपास, भोपळ्याचा पाय, सफरचंदाचा पाय (पाय म्हणजे सारण भरून भाजलेला तिकडचा गोड पदार्थ) अशा पदार्थांच्या चवीची व्हिस्की ड्रिंक्स करतात, त्यात क्रीम असतं, मेपल सिरप असतं, आणि बाहेर हुडहुडी असते म्हणून ते जड ड्रिंक बरं वाटतं. आपल्याकडे शरद म्हणजे ऑक्टोबर हीट, दुपारी पारा पस्तिशीला टेकतो, कापूस वेचून माणूस घामाघूम होऊन येतो आणि रात्री कुठे जरा गारवा सुटतो. त्यात क्रीमचं ड्रिंक कोण पिणार. पण एक गंमत बघा, त्यांच्या पंपकिन स्पाइसमध्ये, म्हणजे त्या भोपळ्याच्या पायच्या मसाल्यात, काय असतं तर दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. म्हणजे मसाला आपल्या डब्यातलाच आहे, फक्त तो आपल्या पदार्थाला जोडायचा. मी तो पुरणपोळीला जोडतो.

पुरणपोळी का, तर व्हिस्कीशी तिचं जमतं. व्हिस्की लाकडी पिंपात मुरते, लाकडातून तिच्यात व्हॅनिलासारखा, जळक्या साखरेसारखा वास उतरतो, आणि गूळ हा त्याच घराण्यातला वास आहे. आमच्याकडे आई खापरावर मांडे, म्हणजे आपली मोठी पातळ पुरणपोळी, करायची तेव्हा मी शेजारी बसून एकच गोष्ट बघायचो, गरम मांड्यावर तूप पडलं की पहिल्या दोन-तीन सेकंदात जो वास उठतो, तूप, गूळ, जायफळ आणि मागे भाजलेल्या डाळीचा खमंगपणा, तो नंतर परत तसा येत नाही. हे चार वास ग्लासात आणायचे, बाकी काही नाही.

आता तूप व्हिस्कीत कसं घालायचं, कारण लोक इथेच अडतात. तूप ग्लासात तरंगवायचं नाही. त्याला फॅट वॉशिंग म्हणतात, म्हणजे स्निग्ध पदार्थ दारूत काही तास ठेवायचा, त्याचे वास दारूत उतरतात, मग फ्रीझरमध्ये ठेवून गोठलेला थर काढून टाकायचा. न्यूयॉर्कच्या बारमधून हे बेकनच्या चरबीने करायची पद्धत गाजली, आपल्याकडे त्यासाठी तुपासारखी दुसरी चीज नाही. तूप घरचं कणीदार घ्या, जरा जास्त कढवलेलं, बेरीचा वास असलेलं असेल तर फारच छान. पॅकेटमधल्या पांढुरक्या तुपाने मी करून पाहिलंय, नुसता तेलकटपणा उतरतो.

तुमच्या पंधरातले पिणारे दहा धरू, प्रत्येकी दोन ग्लास, म्हणजे वीस ग्लास. एका ग्लासात ४५ मिली व्हिस्की, म्हणजे ९०० मिली लागली. एक ७५० ची बाटली आणि एक १८० ची क्वार्टर घेतली की ९३० होते, गाळताना थोडी कमी होते, हिशोब बरोबर बसतो.

आदल्या दिवशी दुपारी, म्हणजे शुक्रवारी, दोन टेबलस्पून हरभऱ्याची डाळ तव्यावर मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा. घाई करू नका, काळी पडली की कडू उतरते. गार झाली की रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत व्हिस्कीत टाका, चार-पाच तास ठेवा आणि गाळून घ्या. जास्त ठेवलं तर कच्च्या पिठाची चव येते, हे मी शिकलो तेव्हा एक बाटली वाया गेली होती. मग १०० ग्रॅम तूप वेगळ्या पातेल्यात पातळ करा, गॅस बंद करा, कोमट होऊ द्या आणि मगच बरणीत ओता. व्हिस्की कधीही शेगडीवर चढवायची नाही, तिची वाफ पेट घेते. झाकण लावून चांगलं हलवा, तीन-चार तास बाहेर ठेवा, अधूनमधून हलवत राहा, आणि रात्री बरणी फ्रीझरमध्ये ठेवून द्या. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नाही, फ्रीझरमध्येच, कारण तूप नीट कडक झालं पाहिजे. व्हिस्की गोठत नाही, काळजी करू नका.

सकाळी बरणी काढली की वर पिवळा कडक थर दिसेल. चमच्याच्या टोकाने त्याला समोरासमोर दोन भोकं पाडा, एकातून व्हिस्की बाहेर येते आणि दुसऱ्यातून हवा आत जाते. ओली केलेली मलमल दुहेरी घडी करून गाळणीवर टाका आणि त्यातून सावकाश ओता. फडक्यावर तुपाचे बारीक दाणे अडकतील, ते पिळायचे नाहीत, पिळले की तूप परत खाली उतरतं. थोडी धुरकट राहिली तर राहू द्या. आता बोटाने एक थेंब चाखा, आधी व्हिस्की टोचत होती ती गोलसर झालेली असेल आणि मागे बेरीचा वास राहील. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद या क्षणाला होतो, आजही.

गुळाचा पाक अगदी सोपा. २०० ग्रॅम काळपट गूळ, २०० मिली पाणी, विरघळेपर्यंत गरम करा, उकळत बसू नका. पिवळाधमक गूळ नको, त्याला नुसती गोडी असते, काळपट गुळाला खारटपणा आणि जरा कडसरपणा असतो आणि ग्लासात तोच कामाला येतो. गॅस बंद केल्यावर चार वेलदोडे ठेचून टाका, चिमूटभर सुंठ, वीस मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. गुळात कचरा असतोच, म्हणून कापडातूनच गाळा.

आता सगळं एकत्र. तूप काढलेली व्हिस्की, २०० मिली गुळाचा पाक, ४०० मिली थंड फिल्टरचं पाणी, पाव टीस्पून मीठ. पाणी का घालतोय हे बऱ्याच जणांना खटकतं. बारमध्ये आपण कॉकटेल बर्फात ढवळतो किंवा शेक करतो तेव्हा बर्फ वितळून साधारण पाव हिस्सा पाणी त्यात जातंच, त्या पाण्यानेच ड्रिंक मोकळं होतं. मळ्यात अंधारात वीस ग्लास कोण ढवळत बसणार, म्हणून ते पाणी मोजून आधीच घालायचं आणि बाटल्या बर्फाच्या टपात पुरायच्या. माझं माप जरा सढळ आहे, कारण जेवून बसलेल्या माणसांना द्यायचंय. तरी एका ग्लासात ७५ मिली ड्रिंक येतं आणि ते पंचवीस टक्क्यांच्या आसपास राहतं, म्हणजे चांगलं कडक आहे, सरबत समजून कुणी घटाघट पिऊ नये हे आधीच सांगा. मीठ विसरू नका, पुरणात आपण चिमूटभर घालतो ते ज्या कारणाने, त्याच कारणाने.

कडवटपणासाठी बारमध्ये अँगोस्टुरा बिटर्स वापरतात, त्रिनिदादहून येतं, प्रत्येक ग्लासाला दोन थेंब. मिळालं तर आणा. जळगावात किंवा चोपड्यात नाही मिळालं तर अडून बसू नका, संत्र्याची साल पांढरा भाग न घेता सोलून ग्लासावर दुमडून दाबा, सालीतलं तेल वर उडतं आणि गुळाचा जडपणा कापला जातो. लिंबाची साल चालते, रस नाही. आणि अगदी शेवटी, ग्लास हातात देताना, जायफळ बारीक किसणीवर दोनदा घासा. दोनदाच. जायफळाची पूड आधी बाटलीत घातली तर वास मरतो आणि कडू होतं, आणि जायफळ जास्त गेलं तर ते बाधतं, हे आपल्या आज्यांना बाळांना दुधात उगाळून देताना माहीत होतं.

तर माप थोडक्यात, एका ग्लासाला ४५ व्हिस्की, १० पाक, २० पाणी, मोठा बर्फाचा खडा, संत्र्याची साल, जायफळ. पाक १० मिलीपेक्षा जास्त करायचा मोह होईल, पहिला घोट घेतल्यावर कुणीतरी म्हणेल अजून गोड पाहिजे. थांबा. दुसऱ्या ग्लासाला तोच माणूस म्हणतो बेस शे, म्हणजे छान आहे. ज्यांना खरंच गोड हवं त्यांच्यासाठी सोबत पुरणपोळीचा चौकोनी तुकडा ठेवा, गोडी तिथून घ्यायची.

आता तुमच्या फाटलेल्या दुधाकडे येतो. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन आंबटपणा वाढला की गुठळ्या धरतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास उतरला की दूध फाटलंच समजा, आणि दूध गरम असेल तर त्याहून आधीच फाटतं. लिंबाने तर उघडच फाटणार. पण गूळही धोक्याचाच, दुसऱ्या ट्रायलला त्याने तुम्हाला सोडलं एवढंच. गुळाची खीर करताना घरातल्या बायका दूध खाली उतरवून कोमट झाल्यावरच गूळ घालतात ना, त्याला कारण हेच. एकट्या व्हिस्कीने थंड दूध सहसा फाटत नाही, आयरिश क्रीमच्या (व्हिस्की आणि साय मिसळलेल्या गोड दारूच्या) बाटल्या त्यावरच तर उभ्या आहेत. मी स्वतः एकदा भुसावळकडे एका घरगुती कार्यक्रमात ऑर्डरीप्रमाणे मसाला दूध आणि व्हिस्की करत होतो, पाक गुळाचा होता आणि दूध अजून गरम होतं, चाळीस ग्लास डोळ्यांसमोर फुटले. यजमान काही बोलले नाहीत, पण त्यांच्या आईंनी रात्रभर जागून ते दूध आटवलं होतं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून दूध असेल तिथे गूळ आणि आंबट दोन्ही बंद, साखर वापरायची आणि दूध बर्फासारखं गार.

तुम्हाला दुधाचंच हवं असेल तर असं करा. बासुंदी नको, ती जाड आहे, कोजागिरीचं मसाला दूध करतो तसं करा, केशर, वेलची, चारोळी, साखर नेहमीपेक्षा निम्मी. पूर्ण थंड करा, गाळा, चारोळी बाजूला ठेवा. ९० मिली दूध, ३० मिली साधी व्हिस्की, बर्फ घालून झाकणाच्या बरणीत दहा-बारा सेकंद जोरात हलवा, गाळून लगेच प्यायला द्या, वर चारोळी. हे करून ठेवायचं नाही, हातोहात करायचं. आणि एक मनापासून सांगतो, कोजागिरीचं चंद्राला दाखवलेलं दूध आणि हे दूध यांची पातेली, ग्लास, टेबल सगळं वेगळं ठेवा. घरात लहान मुलं असतात, आजी-आजोबा असतात, दोन्ही दिसायला सारखंच दिसतं. मी दारू घातलेलं दूध फक्त काचेच्या ग्लासात देतो आणि साधं स्टीलच्या पेल्यात, म्हणजे अंधारातही चूक होत नाही.

ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी तिसरा रस्ता, दूध मुद्दाम फाडायचा. मिल्क पंच म्हणतात, फार जुना प्रकार आहे, बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ साली मित्राला पत्रातून पाठवलेली कृती आजही वाचायला मिळते, त्यात ब्रँडी, लिंबू, साखर, गरम दूध आणि जायफळ आहे, आपलं जायफळ तिथेही. व्हिस्की, लिंबाचा रस आणि पाक एकत्र करून तो गरम दुधात हळूहळू ओतायचा, दूध फुटतं, मग तासभर न हलवता ठेवून कापडातून गाळायचं. पहिलं गढूळ येतं, ते परत त्याच चोथ्यावर ओतायचं, त्या गुठळ्याच गाळणीचं काम करतात आणि खाली काचेसारखं स्वच्छ ड्रिंक येतं, टोचणारा तुरटपणा गुठळ्यांसोबत निघून जातो. सुंदर लागतं. पण पहिल्यांदा पंधरा लोकांसाठी करू नका, आधी दोन ग्लासांचं करून बघा.

व्हिस्कीचं विचारलंत तर हे परिस्थितीवर आहे. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीत उसाच्या मळीच्या स्पिरिटवर थोडं माल्ट (मोड आणलेल्या बार्लीची दारू) असतं, तुपाने ती बरीच मवाळ होते, म्हणून मधल्या किमतीची कुठलीही चालेल. बजेट असेल तर बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की घ्या, त्यात निम्म्याहून जास्त मका असतो आणि पिंप नवीन, आतून जाळलेलं असतं, त्यामुळे व्हॅनिला आणि कॅरॅमल आधीच भरपूर, गुळाशी फार छान बसते. धुराच्या वासाची स्कॉच अजिबात नको, पुरण करपल्यासारखं लागतं. आणि महागडी सिंगल माल्ट असेल तर ती तशीच प्या, तुपात घालून तिचा अपमान कशाला.

द्यायची कधी, तर शेवभाजीनंतर लगेच नाही. तिखटावर कडक दारू गेली की तोंड आणखी भाजतं, माणसाला चवच कळत नाही. जेवणानंतर ताक द्या, अर्धा-पाऊण तास गप्पा होऊ द्या, मग ग्लास काढा. बर्फ मोठा हवा, घरी टिफिनच्या डब्यात किंवा वाटीत पाणी गोठवा, बारीक बर्फ मळ्यातल्या उकाड्यात पाच मिनिटांत वितळतो आणि ड्रिंक पाणचट होतं. पिण्याचं पाणीच गोठवा. बर्फाच्या लादीचा चुरा फक्त बाटल्या पुरायला वापरा, ग्लासात टाकायला नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. महाराष्ट्रात व्हिस्कीला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवाना लागतो, एक दिवसाचा दुकानातही मिळतो. सुरतवाल्या भावांना उरलेली बाटली प्रेमाने गाडीत देऊ नका, सीमेवरचं नवापूर ओलांडलं की गुजरातची दारूबंदी आहे, आणि तपासणीत ते अडकतील. रात्री परत जाणाऱ्यांपैकी गाडी कोण चालवणार ते संध्याकाळीच ठरवा आणि त्याला गुळाचा पाक, सोडा आणि जायफळ असं करून द्या, तेही चांगलं लागतं.

आणि गोठलेला तुपाचा थर फेकून देऊ नका. मंद आचेवर कढवला तरी व्हिस्कीचा वास त्यात राहतोच, पण मोठ्या माणसांच्या बट्टीवर ते तूप फार छान लागतं. फक्त वेगळ्या डब्यात भरा आणि डब्यावर ठळक अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर सकाळी घरातलं कुणीतरी तेच तूप देवाच्या निरांजनात घालेल किंवा पोराच्या भातावर वाढेल.